सर्व्हर अडला तरी दप्तर शाबूत राहावे

मुंबई-नागपूर लोहमार्गावर मलकापूर सोडल्यानंतर शेगावच्या अलीकडे नांदुरा लागते. महामार्गाने जाणाऱ्या प्रवाशांना हे गाव १०५ फूट उंचीच्या हनुमान मूर्तीमुळे दुरूनच ओळखू येते. बुलढाणा जिल्ह्यातील हे तालुक्याचे ठिकाण. कापूस, सोयाबीन आणि तूर ही भोवतालची प्रमुख पिके. याच तालुक्यात पूर्णा नदीवर जिगाव येथे मोठा पाटबंधारे प्रकल्प हाती घेण्यात आला आणि त्यापायी अनेक गावांच्या पुनर्वसनाचा प्रश्न उभा राहिला. अशा तालुक्यात एकेका नोंदीचे मोल किती असते, हे वेगळे सांगावयास नको. मृग नक्षत्र लागले की पेरणीसाठी कर्ज हवे असते आणि कर्जासाठी उतारा लागतो. प्रकल्पात जमीन गेली तर मोबदल्यासाठी पुन्हा नोंदच दाखवावी लागते.

पूर्वी या नोंदी कापडी रुमालात बांधलेल्या दप्तरात असत. दप्तराला वाळवी लागे, पावसाचे पाणी लागे, परंतु ते डोळ्यांना दिसत असे. आता बहुतेक दप्तर संगणकात गेले आहे. भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्र पुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये देशातील ८ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली, त्यांत विदर्भातील वर्धा जिल्हा होता. त्यानंतर तीन दशकांनी, १ मे २०१८ रोजी, महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. सातबाऱ्याची माहिती आता राज्यस्तरीय यंत्रणेत सांभाळली जाते. तथापि सहकारी पतसंस्थेची खाती, महाविद्यालयाचे प्रवेश व निकाल, रुग्णालयातील केसपेपर, एखाद्या कार्यालयाचा पत्रव्यवहार अशी कितीतरी माहिती आजही त्या त्या संस्थेच्याच एखाद्या खोलीत ठेवलेल्या सर्व्हरवर असते.

सर्व्हर म्हणजे अनेक संगणकांना एकाच ठिकाणाहून माहिती पुरविणारा मुख्य संगणक. तो थांबला की खिडकीवर एकच वाक्य ऐकू येते : "सर्व्हर बंद आहे, उद्या या." गावाहून एस. टी.ने आलेल्या माणसाची त्या दिवसाची मजुरी बुडते. परंतु याहून मोठी हानी पुढे संभवते. बंद पडलेला सर्व्हर घाईघाईने सुरू करण्याच्या खटपटीत आतील नोंदीच पुसल्या जाण्याचा धोका असतो. विशेषतः फर्मवेअर बदलताना सर्व्हर अडला असेल तर हा धोका ओळखणे अगत्याचे ठरते. अशा वेळी बिघाड यंत्राच्या आरंभीच्या सूचनांत झालेला असतो, नोंदी बहुधा जशाच्या तशा असतात. ही एक गोष्ट संबंधितांच्या ध्यानात राहिली तर पुढची बरीचशी हानी टळू शकते.

फर्मवेअर म्हणजे काय?

गावच्या चावडीचे उदाहरण घेऊ. सकाळी कोतवाल येतो, कुलूप काढतो, दारे-खिडक्या उघडतो, टेबल-खुर्च्या जागेवर आहेत की नाहीत ते पाहतो. मग तलाठी येतात, कपाट उघडतात आणि कामकाज सुरू होते. संगणकातही असाच क्रम असतो. वीज मिळताच सर्वप्रथम एक लहानशी आज्ञावली जागी होते. प्रोसेसर, स्मृती, डिस्क आणि पंखे ठीक आहेत काय याची ती तपासणी करते आणि नंतर विंडोज किंवा लिनक्स यांसारख्या मुख्य कार्यप्रणालीच्या हाती कारभार सोपविते. ही आरंभीची आज्ञावली डिस्कवर नसते, ती मुख्य पट्टीवरील, म्हणजे मदरबोर्डवरील, एका वेगळ्या चिपमध्ये असते. तिला फर्मवेअर म्हणतात. हा शब्द १९६७ मध्ये एशर ऑप्लर या संगणकतज्ज्ञाने वापरात आणला. यंत्राचे कठीण भाग म्हणजे हार्डवेअर, सहज बदलता येणाऱ्या आज्ञावल्या म्हणजे सॉफ्टवेअर आणि या दोहोंच्या मधले ते फर्मवेअर, अशी त्यामागील कल्पना होती.

मदरबोर्डवरील फर्मवेअरला पूर्वीपासून 'बायॉस' म्हणतात. अलीकडच्या यंत्रांत त्याची जागा 'यू.ई.एफ.आय.' या नव्या पद्धतीने घेतली असली तरी बोलण्यात बायॉस हेच नाव रूढ आहे. सर्व्हरमध्ये मात्र एवढ्यावर भागत नाही. डिस्क सांभाळणारे कार्ड, नेटवर्क कार्ड, स्वतः डिस्क, इतकेच नव्हे तर काही यंत्रांत वीजपुरवठ्याचा भागदेखील आपापले फर्मवेअर बाळगून असतो. शिवाय बहुतेक सर्व्हरमध्ये यंत्रावर देखरेख ठेवणारी एक स्वतंत्र चिप असते. मुख्य यंत्र बंद असले तरी वीज जोडलेली असेपर्यंत ही चिप जागी राहते. डेल कंपनीच्या सर्व्हरमध्ये तिला 'आयड्रॅक' आणि एचपीईच्या सर्व्हरमध्ये 'आयलो' असे नाव आहे. संकटकाळी या चिपचा मोठा उपयोग होतो, तो पुढे पाहू.

चावडीच्या उदाहरणातील महत्त्वाचा मुद्दा असा की, कोतवाल आजारी पडला तर चावडी उघडत नाही, परंतु कपाटातील दप्तर कोठेही जात नाही. फर्मवेअर बिघडलेल्या सर्व्हरची स्थिती नेमकी अशीच असते.

बदल करावाच कशासाठी?

सुरळीत चाललेल्या यंत्राचे फर्मवेअर बदलावे तरी कशाला, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. त्याचे उत्तर २०१९ मधील एका घटनेत मिळते. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये एचपीई कंपनीने जाहीर केले की, तिच्या काही विशिष्ट एसएसडी डिस्क एकूण ३२,७६८ तास चालल्यानंतर निकामी होतील. हा काळ ३ वर्षे, २७० दिवस आणि ८ तास एवढा भरतो. दोष डिस्कच्या फर्मवेअरमध्ये होता. निकामी झाल्यावर डिस्क आणि तिच्यातील माहिती यांपैकी काहीच परत मिळणार नव्हते. एकाच दिवशी बसविलेल्या डिस्क जवळजवळ एकाच वेळी बंद पडण्याचा संभव असल्याने एकीची माहिती दुसरीवर ठेवण्याची नेहमीची खबरदारीही येथे अपुरी ठरली असती. उपाय एकच होता : मुदत भरण्यापूर्वी नवे फर्मवेअर चढविणे.

याची दुसरी बाजूही आहे. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधील 'स्पेक्टर' आणि 'मेल्टडाऊन' हे सुरक्षाविषयक दोष उघड झाले आणि त्यांवरील दुरुस्त्या तातडीने बाहेर आल्या. तथापि त्या दुरुस्तीमुळे काही यंत्रे आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागली. अखेर २२ जानेवारी २०१८ रोजी इंटेल कंपनीने दुरुस्तीची ती आवृत्ती वापरणे थांबवावे, असे सांगितले. ज्यांनी थोडा धीर धरला होता, त्यांचा त्रास वाचला.

या दोन घटनांवरून असे दिसते की, बदल कधीच न करणे धोक्याचे आणि निघाल्या दिवशीच तो करणेही धोक्याचे. बदल कशासाठी आहे हे वाचून, त्याची निकड ठरवून, तयारीनिशी तो करणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

बदल फसतो कसा?

फर्मवेअरची चिप ज्या जातीची असते तिच्यावर नवा मजकूर लिहिण्यापूर्वी जुना पुसावा लागतो. पाटीवर नवे गणित मांडण्यापूर्वी जुने पुसावे तसेच हे. जुने पुसले गेले आणि नवे पुरते लिहून झाले नाही, अशा मधल्या क्षणी वीज गेली तर चिपमध्ये अर्धवट मजकूर उरतो. पुढच्या वेळी यंत्र सुरू करू पाहिले असता त्याला आरंभच सापडत नाही. दिवे लागतात, पंखे फिरतात, परंतु पडदा काळाच राहतो.

विदर्भात मे महिन्याच्या अखेरीस आणि जूनच्या आरंभी वळवाचा पाऊस व वादळ येते, तारा तुटतात, वीज जाते. नेमक्या याच दिवसांत पीककर्ज आणि शाळा-महाविद्यालयांचे प्रवेश यांची गर्दी असते. वादळाच्या तोंडावर किंवा गर्दीच्या दिवसांत फर्मवेअरला हात लावू नये, हा साधा नियम यावरून निघतो.

वीज हे अर्थात एकमेव कारण नव्हे. दिसायला सारख्याच पण वेगळ्या क्रमांकाच्या मॉडेलची फाईल वापरणे, अपुरी उतरवून घेतलेली फाईल चढविणे, मधल्या आवश्यक आवृत्त्या वगळून एकदम शेवटची आवृत्ती घालणे, ही कारणेही आढळतात. आणखी एक कारण म्हणजे मनुष्याची अधीरता. नवे फर्मवेअर चढल्यानंतर सर्व्हर पहिल्यांदा सुरू होताना आपली सारी स्मृती नव्याने तपासतो. यंत्रात स्मृती भरपूर असेल तर पंधरा-वीस मिनिटेही पडद्यावर काही उमटत नाही. यंत्र बिघडले असे समजून कोणी वीज तोडली तर चांगले चाललेले काम खरोखरच फसू शकते.

चिपमधील आरंभीचा मजकूर नाहीसा झाल्यावर काय होते, याचा अनुभव जगाने २६ एप्रिल १९९९ रोजी घेतला. त्या दिवशी 'सी.आय.एच.' नावाचा संगणक विषाणू जागा झाला. १९८६ मधील चेर्नोबिल अणुभट्टीच्या दुर्घटनेची तीच तारीख असल्याने त्याला 'चेर्नोबिल' असेही नाव पडले. डिस्कवरील माहिती तर त्याने बिघडविलीच, शिवाय ज्या यंत्रांत शक्य झाले तेथे बायॉसची चिपही पुसून टाकली. अशा यंत्रांवर चिप नव्याने लिहिणे किंवा बदलणे एवढाच उपाय उरला. चिप पुसली गेली तरी यंत्र परत उभे करता येते, परंतु त्यासाठी जाणकार हात लागतात, हा त्यातून मिळालेला धडा.

पहिला तास

बदल करताना सर्व्हर अडला तर पहिल्या तासात काय केले जाते, यावर बरेच काही अवलंबून असते. पहिली गोष्ट म्हणजे थांबणे. निर्मात्याने सांगितलेला कमाल कालावधी उलटेपर्यंत वीज तोडू नये. दुसरी गोष्ट, दिसते ते वहीत टिपून ठेवावे : कोणते दिवे लागले आहेत, त्यांचा रंग कोणता, किती वेळा आवाज झाला, पडद्यावर कोणते शब्द किंवा अंक होते, कोणती फाईल किती वाजता चढविली. जमल्यास पडद्याचे छायाचित्र घ्यावे. दुरुस्तीस येणाऱ्या तंत्रज्ञाला या टिपणाइतके उपयोगी दुसरे काही नसते.

तिसरी गोष्ट, कार्यालयप्रमुखाने खिडकीवरचे काम कागदावर सुरू करून द्यावे. अर्ज स्वीकारून क्रमांक द्यावा, पोच द्यावी आणि वेगळ्या नोंदवहीत वेळेसह नोंद करावी. असे केले की तंत्रज्ञावर घाईचे दडपण येत नाही आणि लांबून आलेल्या माणसाची फेरीही अगदीच वाया जात नाही. १९ जुलै २०२४ रोजी 'क्राऊडस्ट्राईक' या कंपनीच्या एका सदोष अद्ययावतीकरणामुळे जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले, तेव्हा भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपास देण्यात आले. ते अद्ययावतीकरण फर्मवेअरचे नव्हते, तरी धडा तोच आहे. कंपनीने सदोष फाईल ७८ मिनिटांत मागे घेतली, परंतु जे संगणक सुरूच होत नव्हते त्यांच्यापर्यंत दुरुस्ती आपोआप पोहोचणे शक्य नव्हते. एकेका यंत्रापाशी माणसाला जावे लागले आणि त्यात कित्येक दिवस गेले. जेथे कागदावर काम करण्याची सवय आणि तयारी होती तेथे अडचण सुसह्य झाली.

पुन्हा उभे करण्याच्या पायऱ्या

दुरुस्तीचे उपाय सोप्याकडून अवघडाकडे या क्रमाने करावयाचे असतात. एक पायरी पुरती झाल्याशिवाय पुढचीवर जाऊ नये.

पहिली पायरी वीज पूर्ण उतरविण्याची. निर्मात्याने सांगितलेला कालावधी उलटल्यानंतरच यंत्र बंद करून सर्व वीजतारा काढाव्यात. सर्व्हरला बहुधा दोन वीजतारा असतात, त्या दोन्ही काढणे आवश्यक असते. काही मिनिटे थांबून पुन्हा जोडल्यास देखरेखीची चिप नव्याने जागी होते आणि कित्येकदा तेवढ्यानेच यंत्र मार्गी लागते.

दुसरी पायरी राखीव प्रतीची. अनेक सर्व्हरमध्ये फर्मवेअरच्या दोन प्रती ठेवण्याची सोय असते. एक बिघडली तर यंत्र स्वतःच दुसरीवरून सुरू होते, किंवा मदरबोर्डवरील एक लहानशी कळ फिरवून तसे करावे लागते. ही कळ कोठे आहे ते यंत्राच्या झाकणाच्या आतील आकृतीत किंवा माहितीपुस्तिकेत दाखविलेले असते.

तिसरी पायरी फर्मवेअर पुन्हा चढविण्याची. देखरेखीची चिप जिवंत असेल तर तिच्या स्वतंत्र नेटवर्क जोडणीतून, शेजारच्या संगणकावर बसून, योग्य फर्मवेअर पुन्हा पाठविता येते. काही यंत्रांत ठराविक नावाची फाईल पेन ड्राइव्हवर ठेवून यंत्र सुरू केले असता ते ती फाईल शोधून स्वतःची दुरुस्ती करते. फाईल मात्र निर्मात्याच्या अधिकृत ठिकाणाहूनच घेतलेली आणि त्याच मॉडेलची असावी.

चौथी पायरी जाणकार तंत्रज्ञाची. वरील उपाय चालले नाहीत तर चिपला चिमट्यासारखे उपकरण लावून बाहेरून थेट मजकूर लिहितात. या कामी चुकीचा विद्युतदाब दिला गेला तर चिप जळते, शिवाय यंत्राचा अनुक्रमांक आणि नेटवर्कचा पत्ता अशी खास माहिती नाहीशी होऊ शकते. म्हणून लिहिण्यापूर्वी चिपमधील उरलेला मजकूर वाचून जपून ठेवतात. यंत्र हमीच्या मुदतीत असेल तर हा खटाटोप न करता मदरबोर्ड बदलून घेणे श्रेयस्कर. कोणत्याही पायरीवर डिस्कवर काही लिहिण्याची गरज पडत नाही, हे येथे मुद्दाम ध्यानात घ्यावे. कोणी "डिस्क फॉरमॅट करून पाहू" असे म्हणू लागला तर त्याला तेथेच थांबवावे.

डिस्कला जपावे

यंत्र जागे झाले म्हणजे संकट सरले असे नव्हे. नोंदी हरवण्याचा खरा धोका याच वेळी असतो.

सर्व्हरमध्ये अनेक डिस्क एकत्र जोडून त्यांची एक मोठी डिस्क भासवितात. या रचनेला 'रेड' म्हणतात. एखादी डिस्क निकामी झाली तरी उरलेल्यांवरून माहिती मिळावी, हा तिचा हेतू. नवे फर्मवेअर किंवा नवा मदरबोर्ड आल्यावर डिस्क सांभाळणारे कार्ड कधी कधी जुनी रचना ओळखत नाही आणि या डिस्क परक्या आहेत, असा संदेश पडद्यावर येतो. अशा वेळी 'इम्पोर्ट' म्हणजे जुनी रचना स्वीकारणे आणि 'इनिशिअलाइज' म्हणजे रचना नव्याने मांडणे, असे पर्याय दिसतात. पहिल्या पर्यायाने दप्तर परत हाती येते, दुसऱ्याने ते पुसले जाते. एका कळीच्या अंतरावर एवढा फरक असल्याने हा निर्णय एकट्याने घेऊ नये. तत्पूर्वी प्रत्येक डिस्कवर तिच्या खणाचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी आणि डिस्कची अदलाबदल होऊ देऊ नये.

फर्मवेअर पूर्ववत होताना त्यातील जुन्या मांडण्या पुसून मूळ मांडणी येते. त्यामुळे डिस्क वाचण्याची पद्धत किंवा कार्यप्रणाली सुरू करण्याची पद्धत बदललेली असू शकते. यंत्र "डिस्क सापडत नाही" असे सांगते तेव्हा पुष्कळदा दोष डिस्कचा नसून मांडणीचा असतो. पूर्वीची मांडणी कागदावर लिहून ठेवलेली असेल तर पाच मिनिटांत काम होते, नसेल तर दिवस जातो.

घड्याळही तपासावे. तारीख मागे गेलेली असेल तर नोंदींवर चुकीचा दिनांक पडतो आणि डिजिटल स्वाक्षरीची वैधता तपासताना अडथळे येतात. डिस्कवरील माहिती कूटबद्ध केलेली असेल, म्हणजे किल्लीवाचून वाचता न येणाऱ्या स्वरूपात ठेवलेली असेल, तर फर्मवेअर किंवा मदरबोर्ड बदलताच यंत्र पुनर्प्राप्तीची किल्ली मागते. विंडोजमध्ये ही किल्ली ४८ अंकांची असते. ती त्याच सर्व्हरमध्ये साठविलेली असेल तर तिचा काहीही उपयोग नाही. तिजोरीची चावी तिजोरीतच ठेवून कुलूप लावण्यासारखे ते होय. २०२४ मधील घटनेत अनेक संस्थांचा वेळ या किल्ल्या शोधण्यातच गेला.

सर्व सुरळीत झाल्यावर लगेच खिडकी उघडू नये. शेवटची नोंद कोणती, तिचा क्रमांक व वेळ काय, नोंदींची एकूण संख्या पूर्वीइतकी आहे काय, हे ताडून पाहावे. पतसंस्था असेल तर आदल्या दिवसाच्या जमा-खर्चाशी शिल्लक जुळवावी. मधल्या काळात कागदावर घेतलेल्या नोंदी मग क्रमाने चढवाव्यात आणि ती नोंदवही जपून ठेवावी.

आधीची तयारी

दुरुस्तीपेक्षा तयारी स्वस्त पडते आणि तिला फार मोठा खर्चही लागत नाही. बदल करण्यापूर्वी सर्व माहितीच्या किमान तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक त्या इमारतीबाहेर असावी. राखीव प्रत घेतली एवढ्यावर समाधान मानू नये. वर्षातून एक-दोन वेळा ती दुसऱ्या यंत्रावर उतरवून नोंदी खरोखर उघडतात की नाही ते पाहावे. न उघडणारी प्रत म्हणजे कोऱ्या पानांचे दप्तर होय.

सध्याच्या फर्मवेअरची फाईल आणि आवृत्तीचा क्रमांक जपून ठेवावा, म्हणजे मागे फिरण्याचा रस्ता खुला राहतो. यूपीएसची बॅटरी प्रत्यक्ष भार देऊन तपासावी. दोन वीजतारा असल्यास त्या दोन वेगळ्या जोडण्यांना लावाव्यात. एका वेळी एकाच भागाचे फर्मवेअर बदलावे. सर्व्हर दोन असतील तर कमी महत्त्वाच्या यंत्रावर आधी प्रयोग करून काही दिवस पाहावे. सुटीच्या आदल्या संध्याकाळी घाईने काम उरकू नये. ज्या दिवशी तंत्रज्ञ आणि निर्मात्याचे मदत केंद्र दोन्ही उपलब्ध असतील असा, गर्दी नसलेला दिवस निवडावा. मार्चअखेर आणि पेरणीचा हंगाम अर्थातच वगळावा.

प्रत्येक सर्व्हरजवळ एक साधी वही असावी. यंत्राचे मॉडेल व अनुक्रमांक, डिस्कची मांडणी, बायॉसमधील मांडणी, झालेले बदल व त्यांचे दिनांक, देखभाल कराराची मुदत आणि संपर्काचे क्रमांक तिच्यात लिहिलेले असावेत. परवलीचे शब्द आणि पुनर्प्राप्तीच्या किल्ल्या मात्र या वहीत न लिहिता मोहोरबंद पाकिटात कार्यालयप्रमुखाच्या ताब्यात ठेवाव्यात. कर्मचाऱ्यांच्या बदल्या होतात आणि यंत्राची माहिती एकाच माणसाच्या डोक्यात असेल तर ती त्याच्याबरोबर निघून जाते.

लोकप्रतिनिधी आणि शिक्षक यांनाही येथे करण्यासारखे पुष्कळ आहे. ग्रामपंचायतीच्या किंवा सोसायटीच्या सभेत संगणक खरेदीचा विषय येतो तेव्हा यंत्राच्या किमतीबरोबरच यूपीएस, राखीव प्रतीची सोय आणि देखभाल करार यांची तरतूद आहे काय, हे सदस्यांनी विचारावे. आमच्या नोंदींची शेवटची राखीव प्रत कोणत्या तारखेची आहे आणि ती उघडून पाहिली आहे काय, हा प्रश्न वर्षातून दोनदा इतिवृत्तात आला तरी व्यवस्था जागी राहील. शाळेच्या संगणक कक्षात जुन्या, वापरातून काढलेल्या यंत्रावर विद्यार्थ्यांना बायॉस म्हणजे काय आणि राखीव प्रत कशी उतरवावी, हे दाखविता येईल. उद्याचे तंत्रज्ञ त्यांतूनच घडणार आहेत.

गावच्या दप्तराचा रुमाल सोडणारा जुना तलाठी कागदांचा क्रम बिघडू देत नसे आणि काम होताच गाठ पुन्हा पक्की मारीत असे. दप्तर आपले नाही, गावाचे आहे, ही जाणीव त्यामागे होती. साधने बदलली तरी ही जाणीव बदलण्याचे कारण नाही. सर्व्हर आज ना उद्या अडणारच, कारण ते यंत्र आहे. तो एक दिवस बंद राहिला तर नांदुऱ्याच्या शेतकऱ्याला दुसरी फेरी पडेल. त्याची नोंदच पुसली गेली तर मात्र ती परत मिळविण्यासाठी त्याला कित्येक वर्षे हेलपाटे घालावे लागतील. म्हणून यंत्र सुरू करण्याची घाई करण्यापूर्वी दप्तर शाबूत आहे याची खात्री करून घेणे, हे त्या खोलीत काम करणाऱ्या प्रत्येकाचे पहिले कर्तव्य ठरते.